गारगोटी, घोडा आणि नेचे खाणारा बोकड

चकमकीच्या बंदुकीत ठिणगी दगडाची पडते, असं बहुतेकांना वाटतं. दगड बिचारा जळतच नाही. तो फक्त पोलाद खरवडतो. खरवडताना निघालेले बारीक कण घर्षणाने इतके तापतात की हवा लागताच पेट घेतात. चाप ओढल्यावर डोळ्यांसमोर चमकतं ते जळणारं लोखंड!

हे पहिल्यांदा नीट निरखून पाहिलं रॉबर्ट हूकने. 1665 साली आलेल्या त्याच्या ‘मायक्रोग्राफिया’ या पुस्तकात पिसू, ऊ, बुचाच्या पेशी अशा मंडळींच्या सोबतीला ठिणग्यांचंही एक प्रकरण आहे. हूकने पांढरा कागद अंथरला, त्यावर गार आणि पोलाद एकमेकांवर झाडलं आणि कागदावर पडलेले काळे ठिपके सूक्ष्मदर्शकाखाली धरले. त्यातले काही चक्क गोल, गुळगुळीत, चकाकत्या गोळ्या निघाल्या. म्हणजे निमिषभरात पोलाद वितळलंही होतं आणि थिजलंही होतं.

आता खिशातला लायटर काढा. तिथे सगळा उलटा कारभार आहे. चाक कडक पोलादाचं, आणि ज्याला आपण लायटरचा ‘दगड’ म्हणतो तो मऊ मिश्रधातू. ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाखने तो 1903 साली काढला. लायटरमध्ये ‘दगड’ झिजतो, बंदुकीत पोलाद झिजतं. म्हणूनच चकमकीच्या बंदुकीचं सगळं नशीब एका प्रश्नावर टांगलेलं असतं: पोलादाला पाणी कसं पाजलंय?

सगळ्यांचा स्वभाव वेगळा

बंदुकीच्या बाजूला बसवलेल्या यंत्राला आपल्याकडे कळ म्हणत. चकमकीच्या कळेतली पात्रं थोडीच आहेत. जबड्यात गारगोटी धरणारा घोडा. त्याच्यासमोर उभी असलेली, रंजकाच्या वाटीवर झाकणासारखी बसणारी पोलादी पट्टी. तिला इंग्रजीत फ्रिझन म्हणतात, आपणही तेच म्हणू. वाटीत चिमूटभर रंजक, म्हणजे बारीक दारू. वाटीतून नळीत जाणारं भोक म्हणजे बंदुकीचा कान. आतल्या बाजूला व्ही आकाराची मुख्य कमान, घोड्याच्या आसावर बसलेला टम्बलर आणि टम्बलरच्या खाचेत नाक खुपसून बसलेला खटका. चाप ओढला की खटक्याचं नाक सुटतं, कमान टम्बलरला ढकलते, घोडा झेपावतो, गारगोटी फ्रिझनला खरवडत खाली येते, फ्रिझन मागे उलटते, वाटी उघडी पडते, ठिणग्या रंजकात. बार!

ही जुळणी ज्याच्या नावावर आहे तो मारँ ल बूर्झ्वा हा नॉर्मंडीतल्या लिझिए गावचा. गडी चित्रकार, वाद्यं बनवणारा आणि वर बंदूकवालाही. फ्रान्सच्या चौथ्या आंरीच्या पदरी होता. साधारण 1610 च्या सुमारास त्याने ही कळ सिद्ध केली आणि पुढची दोनशेहून जास्त वर्षं युरोपातल्या फौजा तिच्यावर लढल्या. सतार बनवणाऱ्याने तोफखाना काढावा, असा हा प्रकार.

मौज अशी की या प्रत्येक तुकड्याला वेगळा कडकपणा लागतो. फ्रिझनचा चेहरा काचेच्या जवळ जाईल इतका कडक हवा. मऊ राहिला तर गारगोटी त्यात चर पाडते आणि ठिणग्या लालसर, मरतुकड्या पडतात. फाजील कडक झाला तर गारगोटी नुसती घसरते, ठिणगीच नाही. पण त्याच फ्रिझनची खालची टाच जरा नरमच बरी, नाहीतर उलटताना आपटून तुटायची. कमानीला लवचीकपणा हवा. कडकपणा जास्त झाला तर ती काचेच्या बांगडीच्या वाटेने जाते, कमी पडला तर वाकून तशीच राहते. खटक्याचं नाक आणि टम्बलरच्या खाचांच्या कडा कडक आणि चकचकीत हव्यात. त्या झिजून गोल झाल्या की घोडा अर्ध्यावर चढवून ठेवलेली बंदूक आपली आपण उडते. अशी बंदूक शत्रूपेक्षा मित्रांना जास्त धोक्याची.

एकूण काय, अख्खी कळ एकसारखी कडक केली तर ती चालणार नाही आणि एकसारखी मऊ ठेवली तरी चालणार नाही. जुन्या बंदूकवाल्याची खरी कमाई होती ती या भेदभावात.

आधी बोकडाला तीन दिवस उपाशी ठेवा

पोलादाला पाणी पाजायचं म्हणजे लालबुंद तापवून झटकन गार करायचं. कशात गार करायचं, यावर मात्र माणसाने फार डोकं चालवलं आहे. बाराव्या शतकात थिओफिलस नावाच्या एका ख्रिस्ती साधूने कारागिरीवर ग्रंथ लिहिला. त्यात कृती अशी: तीन वर्षांचा बोकड तीन दिवस घरात उपाशी बांधून ठेवा, मग त्याला फक्त नेचे खायला घाला आणि त्याचं मूत जमवा. हत्यार त्यात विझवा. बोकड मिळाला नाही तर लाल केसांच्या लहान मुलाचं मूतही साध्या पाण्यापेक्षा सरस, असं साधूमहाराज सांगतात.

हसू येतं, पण यात थोडं तथ्य आहे. मूत म्हणजे खारट पाणी. मिठाच्या पाण्यात धातू साध्या पाण्यापेक्षा लवकर थंड होतो, कारण साध्या पाण्यात तापलेल्या धातूभोवती वाफेचं वेष्टण बसतं आणि ते थंडावा आड धरतं. मीठ ते वेष्टण मोडून काढतं. केस लाल असण्याचा फायदा मात्र अजून कुणाला सापडलेला नाही.

पाचशे वर्षांनी लंडनच्या जोसेफ मॉक्सनने ‘मेकॅनिक एक्सरसाइझेस’ ही मालिका छापायला घेतली. लोहारकामाच्या भागात त्याने साध्या लोखंडाला वरून पोलादी कातडं चढवायची कृती दिली: गाईचं शिंग किंवा खूर भट्टीत वाळवून कुटायचं, तेवढंच मीठ घालायचं, शिळ्या मुतात किंवा पांढऱ्या द्राक्षारसाच्या शिरक्यात कालवायचं, तो लेप लोखंडावर थापायचा, वरून माती लिंपायची आणि भट्टीत ढकलायचं. आजही आयटीआयच्या वर्गात याला केस हार्डनिंग म्हणतात. मुताचा धडा तेवढा गाळलेला असतो.

बंदूकवाल्यांची पद्धत थोडी नेटकी. कळेचे तुकडे लोखंडी डबीत ठेवायचे, भोवती हाडांचा, शिंगांचा, चामड्याचा कोळसा ठासायचा, झाकण मातीने बंद करायचं आणि डबी काही तास लालबुंद राखायची. साधारण 900 अंश सेल्सिअसच्या आसपास कोळशातला कार्बन लोखंडात शिरतो, पण फार आत नाही. वरचा मिलीमीटरभराहूनही पातळ थर. मग डबी उघडून सगळा माल पाण्यात ओतायचा. बाहेर येतो तेव्हा पृष्ठभाग पोलादाचा, गाभा मऊ लोखंडाचा. वर ओरखडा उठत नाही आणि आत ठिसूळपणा नाही. शिवाय हाडांच्या कोळशाने पृष्ठभागावर निळे, करडे, जांभळट ढग उमटतात. संग्राहक त्या ढगांवर जीव टाकतात आणि लिलावात खिसाही.

कार्बन? कोण कार्बन?

हे सगळं चालू असताना पोलाद कडक का होतं ते कुणालाच ठाऊक नव्हतं! फ्रान्सच्या रेओम्यूरने 1722 साली लोखंडाचं पोलाद करण्यावर जाडजूड ग्रंथ लिहिला. त्यात प्रयोग उत्तम, पण कारण म्हणून त्याने गंधकाचे आणि क्षारांचे अंश पुढे केले. पोलादाचं इंगित कार्बनमध्ये आहे हे व्हांडरमाँद, बर्तोले आणि माँझ या तिघा फ्रेंच शास्त्रज्ञांनी 1786 साली मांडलं. तोवर चकमकीची बंदूक पावणेदोनशे वर्षांची झाली होती. शिंगांची पूड थापणाऱ्या लोहाराचं उत्तर बरोबर आलेलं होतं, रीत विद्वानांनी मागाहून लिहिली.

कमानीसाठी मात्र पूड थापून भागत नाही; तिला आरपार पोलाद लागतं. इंग्लंडमध्ये चांगल्या कमानींच्या शोधात एक घड्याळवाला वेडा झाला होता. डॉनकास्टरच्या बेंजामिन हंट्समनला घड्याळाच्या कमानींसाठी एकसंध पोलाद हवं होतं. बाजारातल्या पोलादात कुठे कार्बन जास्त, कुठे कमी, त्यामुळे कमान भलत्या जागी तुटे. 1740 च्या दशकात त्याने शेफील्डजवळ पोलाद मुशीत पूर्ण वितळवून दाखवलं. घड्याळाची सोय करताना त्याने शेफील्डचं भाग्य घडवलं.

गवती, तपकिरी, जांभळा, निळा

थर्मामीटर नसलेल्या काळात 300 अंश कसं ओळखायचं? डोळ्याने. पाणी पाजलेलं पोलाद कडक असतं पण ठिसूळही; म्हणून ते पुन्हा हलकं तापवून कडकपणा थोडा उतरवायचा. याला टेम्परिंग म्हणतात. घासून चकचकीत केलेलं पोलाद हळूहळू तापवलं की त्यावर ऑक्साइडचा अतिपातळ थर चढतो आणि थराच्या जाडीनुसार रंग बदलत जातो. सुमारे 220 अंशांना फिकट गवती, 240 च्या आसपास गडद गवती, 260 ला तपकिरी, 280 ला जांभळा आणि 300 च्या आसपास निळा. फ्रिझन गवती रंगाच्या आसपासच थांबवायची. कमान निळ्यापर्यंत न्यायची. चार सेकंद उशीर झाला की पुन्हा पहिल्यापासून.

डोळ्यावर भरवसा नसणाऱ्यांसाठी दोन जुन्या पळवाटा होत्या. पहिली, कमानीला चरबी किंवा तेल चोपडून तापवायची. तेल पेटून जळून गेलं की समजा बेत जमला. दुसरी माझी लाडकी: कमान वितळलेल्या शिशात बुडवायची. शिसं 327 अंशांना वितळतं, म्हणजे कमानीला हव्या त्या तापमानाच्या अगदी शेजारी. आणि बंदूकवाल्याकडे शिसं असणारच, गोळ्या त्याच्याच तर ओतायच्या!

पाणी पाजण्याआधीच्या लालीचीही अशीच गंमत. दिवसाउजेडात तापलेलं लोखंड असतं त्यापेक्षा थंड दिसतं, म्हणून लोहार मुद्दाम अंधाऱ्या कोपऱ्यात भट्टी ठेवतो. आजचे हौशी कारागीर सोबत लोहचुंबक बाळगतात. सुमारे 770 अंशांना लोखंड चुंबकाला जुमानेनासं होतं. चुंबक चिकटेना झालं की आणखी थोडं तापवायचं आणि सोडायचं तेलात. कमानीला तेलच बरं. पाण्याचा झटका तिला सोसत नाही, तडा जातो.

फ्रिझनला नवा तळ

फ्रिझन झिजते. हजारो वेळा खरवडल्यावर तिचा कडक थर संपतो आणि खालचं मऊ लोखंड उघडं पडतं. मग जुने कारागीर चांभार झिजलेल्या चपलेला तळ लावतो तसं करत: चेहऱ्यावर चांगल्या पोलादाची पातळ पट्टी चढवायची, रिव्हेट ठोकून किंवा पितळेचा झाळ देऊन बसवायची आणि पुन्हा पाणी पाजायचं. इंग्रजीत या दुरुस्तीचं नावही चांभाराच्या दुकानातूनच उचललेलं आहे.

नव्या फ्रिझनची परीक्षा अंधारात. वाटी रिकामी, दिवे मालवलेले, घोडा सोडायचा. पांढऱ्या-पिवळ्या ठिणग्या वाटीत पडून क्षणभर तडतडत राहिल्या तर पास. लाल ठिणग्या वाटेतच विझल्या तर पुन्हा भट्टीत.

कंपनी सरकारचा घोडा

ईस्ट इंडिया कंपनी आपल्या शिपायांसाठी इंग्लंडच्या राजाच्या फौजेपेक्षा स्वस्त, आखूड बंदूक बनवून घेत असे: नळी 39 इंचांची, राजाच्या जुन्या बंदुकीची 42. फ्रान्सशी युद्ध पेटलं तेव्हा राजाच्या कोठारात बंदुका पुरेनात. 1790 च्या दशकात सरकारने कंपनीच्याच बंदुका उचलल्या आणि 1797 पर्यंत तीच ‘इंडिया पॅटर्न’ सगळ्या ब्रिटिश फौजेची अधिकृत बंदूक ठरली. नेपोलियनविरुद्ध लढताना इंग्रजांच्या हातात होती ती हिंदुस्थानसाठी काटकसरीने आखलेली बंदूक. अशा जवळपास 30 लाख बनल्या.

तिच्या घोड्याची मान हंसासारखी वळणदार, दिसायला देखणी. नेमकी तिथेच ती तुटायची, कारण दर बाराला सगळा हिसका त्या बारीक वळणात एकवटे. 1809 पासून मान जाड करून मधे एक गोल भोक ठेवलेला घोडा बसवायला सुरुवात झाली. फ्रेंच लष्करी बंदुकांना असा घोडा आधीपासूनच होता. शिवाय 1777 च्या नमुन्यात फ्रेंचांनी रंजकाची वाटीसुद्धा पितळेची केली, म्हणजे गंजाची कटकट मिटली. इंग्रज मात्र फ्रेंचांकडून शिकलो असं कधी म्हणत नसत, सवयीने.

तोडेदार बरी की चकमक?

आपल्याकडे चकमकीची बंदूक आली, पण पेटत्या दोरीची तोडेदार बंदूक एकोणिसाव्या शतकातही गावोगाव टिकून होती. हे मागासलेपणाचं लक्षण, असं जे सर्रास लिहिलं जातं ते मला पटत नाही. तोडेदार बंदुकीत जीवघेण्या ताणाची कमान नाही, पाणी पाजायची फ्रिझन नाही, मोजून-मापून छिललेली गारगोटी नाही. बिघडली तर गावचा लोहार सांडशी घेऊन बसला की काम झालं. चकमकीच्या बंदुकीची कमान तुटली तर मात्र चांगलं पोलाद आणि ते पाजता येणारा हात, दोन्ही शोधावं लागतं. फौज मोठी आणि कवायती झाली की हिशेब बदलतो. पेटत्या दोऱ्या घेऊन खांद्याला खांदा लावून उभं राहायचं आणि प्रत्येकाच्या कमरेला दारू, हा खेळ कोण खेळणार?

महादजी शिंद्यांनी तो हिशेब ओळखला होता. त्यांच्या चाकरीतल्या द बॉइन्याने कवायती पलटणी उभ्या केल्या, आणि आग्ऱ्याच्या कारखान्यात सँगस्टर नावाचा स्कॉटिश कारागीर तोफा ओतत होता आणि चकमकीच्या बंदुका बनवत होता. एका बंदुकीला खर्च 10 रुपये, आणि माल विलायतीच्या तोडीचा. याच परंपरेतल्या पलटणींनी 1803 मध्ये आसईच्या लढाईत इंग्रज सेनापती वेलस्लीला घाम फोडला.

श्रीरंगपट्टणला टिपूच्या कारखान्यांचा थाट निराळा. तिथे बंदुकीवरही वाघ: नळीवर पट्टे, कळेवर वाघाचं तोंड. 1799 च्या लुटीत त्या बंदुका विलायतेला गेल्या आणि आज लिलावात कोटींची भाषा बोलतात.

दगडवाल्यांची ऐट

गारगोटीचं गाव म्हणजे इंग्लंडमधलं सफकचं ब्रँडन. तिथला फ्लिंट काळाभोर, आणि शेजारीच ग्राइम्स ग्रेव्हज या साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या फ्लिंटच्या खाणी. अश्मयुगातल्या माणसाने कुऱ्हाडीसाठी जो दगड काढला, त्याच दगडावर नेपोलियनचा पाडाव झाला. ब्रँडनचे कारागीर हातोडीने दगडाची पाती पाडत आणि प्रत्येक पात्याचे चौकोनी तुकडे करत. बंद खोलीत उडणाऱ्या त्या धुळीने त्यांची फुप्फुसं निकामी होत. पुष्कळ जण तरुणपणीच गेले. युरोपने ही बंदूक टाकून दिल्यावरही ब्रँडनचा दगड आफ्रिकेत जात राहिला, पार विसाव्या शतकापर्यंत.

फ्रान्सचा दगड मधाच्या रंगाचा, लुआर खोऱ्यातल्या मन गावाकडचा. तिथे आज या दगडाचं संग्रहालय आहे. हे दगड कसे छिलतात यावर निबंध लिहिला देओदा द दोलोमियने. हो, ज्याच्या नावाचे इटलीत डोलोमाइट पर्वत आहेत तोच. काळा श्रेष्ठ की मधाळ, यावर आजचे हौशी लोक मिसळीच्या तिखटावर कोल्हापूरकर आणि पुणेकर भांडावेत तितक्या त्वेषाने भांडतात.

दगड जबड्यात नुसता धरला तर हादऱ्याने फुटतो किंवा निसटतो. म्हणून भोवती चामड्याची घडी, किंवा लष्करी बंदुकीत शिशाचा पातळ पत्रा. धार फ्रिझनला सरळ रेषेत टेकली पाहिजे. एक कोपरा पुढे राहिला की तेवढ्याच भागातून ठिणगी निघते आणि तिथेच फ्रिझन चरते. धार बोथट झाली तर दगड उलटा करून बसवा, हा फुकटातला इलाज.

सूर लावणं

कडकपणा जमला म्हणजे कळ जमली असं नाही. दोन कमानींचं भांडण मिटवावं लागतं. मुख्य कमान घोड्याला ढकलते, फ्रिझनची छोटी कमान फ्रिझनला धरून ठेवते. छोटी कमान दुबळी असेल तर फ्रिझन लगेच उलटते, गारगोटीला खरवडायला वावच नाही. ती फार जोरकस असेल तर गारगोटी अडखळते, तुटते. उलटलेली फ्रिझन आपटून परत आली तर तीही गारगोटीवरच. बंदूकवाला कमानीला कानशीने हलके हलके पातळ करत जातो आणि प्रत्येक वेळी घोडा सोडून बघतो. काढलेलं पोलाद परत चढवता येत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

मग घर्षण. टम्बलर कळेच्या पाट्यावर कुठे घासतो ते कळायला काजळी फासायची. जिथे काजळी पुसली गेली तिथे घासतंय. तेवढंच पॉलिश करायचं.

लंडनच्या बड्या दुकानांनी, मँटन, नॉक, एग या घराण्यांनी, अठराव्या शतकाच्या अखेरीला या कळेचं पार लाडकं बाळ करून टाकलं. फ्रिझनच्या टाचेखाली इवलीशी चाकं, म्हणजे कमानीवर घासण्याऐवजी ती गडगडत जाते. मुख्य कमान आणि टम्बलर यांच्यामधे झुलती कडी. कान सोन्याने किंवा प्लॅटिनमने मढवलेला, कारण लोखंडाचा कान गंजतो आणि गरम वायूंनी खाऊन मोठा होत जातो. भारी रायफलींमध्ये टम्बलरवर डाळीएवढा एक लोखंडी तुकडा असतो. घोडा खाली येताना खटक्याचं नाक चुकून अर्ध्या खाचेत अडकू नये म्हणून त्याची योजना. अशी नीट लावलेली बंदूक उलटी धरली, वाटी खाली आणि कळ वर, तरी बार उडतो. रंजक खाली सांडायच्या आत पेटलेलं असतं.

रंजक किती घालायचं यातही गोम आहे. नवखा माणूस वाटी काठोकाठ भरतो, कानही बुजवतो. कानात ठासलेली दारू फटाक्याच्या वातीसारखी एका टोकाकडून जळत जाते आणि बार रेंगाळतो. कान मोकळा ठेवला तर वाटीतला भडका सरळ आत झेप घेतो. कमी घाला, लवकर उडेल.

जेफरसनचं कोडं

1785 च्या उन्हाळ्यात टॉमस जेफरसन पॅरिसला अमेरिकेचा वकील म्हणून होता. ओनोरे ब्लाँ नावाच्या कारागिराने त्याच्यासमोर पन्नास कळांचे सुटे भाग ढिगांनी मांडले. जेफरसनने हाताला येतील ते तुकडे उचलून स्वतः काही कळा जोडल्या; सगळ्या चपखल बसल्या. 30 ऑगस्टला त्याने जॉन जेला पत्र लिहून हे कळवलं.

यात एवढं नवल कसलं? कारण तुकडे कानशीने घासून जुळवायचे ते मऊ असतानाच, आणि नंतर पाणी पाजताना ते किंचित वाकतात, फुगतात. म्हणून जुने कारागीर एका कळेच्या सगळ्या तुकड्यांवर छिन्नीने एकसारखी खूण करत. भट्टीतून आल्यावर ज्याचं त्याला मिळावं म्हणून. आजही जुनी कळ उघडली की आतल्या बाजूला त्या दोन रेघा, तीन रेघा दिसतात. आपल्या एखाद्या संग्रहालयात परवानगी मिळाली तर जरूर बघा. बाहेरच्या नक्षीपेक्षा त्या जास्त बोलतात.

सुट्या भागांची किंमत अमेरिकेतल्या लुइस आणि क्लार्क यांच्या मोहिमेला कळली. हार्पर्स फेरीच्या शस्त्रागारातून त्यांनी जादा कळा आणि जादा तुकडे बरोबर घेतले होते, आणि जॉन शील्ड्स हा हुशार लोहारही. पॅसिफिक किनाऱ्यावर, मार्च 1806 मध्ये, लुइसने रोजनिशीत नोंद केली की एका बंदुकीची कळ बदलावी लागली, दुसरीच्या घोड्याचा स्क्रू तुटला होता तो जादाच्या सामानातून बसवला. ही तजवीज आणि शील्ड्सची करामत नसती तर बहुतेक बंदुका निकामी झाल्या असत्या. परतीची हजारो मैलांची वाट एका स्क्रूवर आली होती!

ज्यांना हे सगळं डोळ्यांनी बघायचंय त्यांच्यासाठी 1969 चा ‘गनस्मिथ ऑफ विल्यम्सबर्ग’ हा माहितीपट आहे. वॉलेस गस्लर हा कारागीर त्यात अठराव्या शतकाच्या पद्धतीने, हाताने, अख्खी रायफल घडवतो. कळ बनवण्याचा भाग आला की चहा बाजूला ठेवा.

922 विरुद्ध 36

इतकं करूनही बार फुसका जायचाच. 1834 साली वुलिचला ब्रिटिशांनी रीतसर परीक्षा घेतली. चकमकीच्या बंदुकीने 6,000 बारांपैकी 922 वेळा दगा दिला, म्हणजे साडेसहा बारांत एकदा. टोपीच्या नव्या बंदुकीने तेवढ्याच बारांत फक्त 36 वेळा.

टोपीच्या बंदुकीचं मूळ होतं एका पाद्र्याच्या वैतागात. स्कॉटलंडमधल्या बेलहेल्वीचे रेव्हरंड अलेक्झांडर फोर्सिथ पाखरांची शिकार करत. रंजकाचा भडका दिसला की पाणबदकं बुडी मारायची आणि गोळी पोचेपर्यंत पाण्याखाली. पाद्रीबुवांनी भडकाच नको म्हणून आघाताने पेटणारं रसायन वापरलं आणि 1807 मध्ये पेटंट घेतलं. त्यातूनच पुढे तसलं रसायन भरलेली तांब्याची टोपी आली.

त्यानंतर जुन्या बंदुका फेकल्या गेल्या नाहीत. कारखान्यांनी फ्रिझन, तिची कमान आणि वाटी काढून टाकली, कान बुजवला, घोड्याच्या जागी हातोडा बसवला. आतली मुख्य कमान, टम्बलर, खटका मात्र जसेच्या तसे राहिले. ज्यांना कुणी कधीकाळी हाडांच्या कोळशात भाजलं होतं, निळ्या रंगावर थांबवलं होतं, ते पुढची कित्येक वर्षं टोपीच्या बंदुकीत कामाला लागले. आता बाजार उलटा फिरलाय. चकमकीच्या बंदुकीला भाव जास्त, म्हणून काही लबाड त्याच बंदुकांना पुन्हा फ्रिझन आणि वाटी चढवून विकतात. मग जाणकार गिऱ्हाईक कळ उघडतो, आतल्या छिन्नीच्या खुणा मोजतो, आणि बाहेरच्या फ्रिझनवर तेवढ्याच रेघा आहेत का ते बघतो.